मठाच्या फाटकाशी पहिल्यांदा जाताना : विदर्भातल्या कॅथलिक मठाला आणि शाळेला भेट द्यायची तर

आमच्या गावापासून दीड तासावर एक कॅथलिक मठ आहे. वर्धा आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या हद्दीकडचा भाग. दोन्ही बाजूंना कपाशी-तुरीची वावरं, मधे सागाची रांग आणि रांगेच्या टोकाला लोखंडी फाटक. त्याच आवारात शाळा आहे आणि मुलांचं वसतिगृहही. नाव मुद्दाम देत नाही. गर्दी होऊ नये अशी तिथल्यांची इच्छा आहे, आणि खाली सांगितलेलं बहुतेक कुठल्याही अशा ठिकाणी लागू पडेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. घर वारकरी, गळ्यात माळ. पहिल्यांदा गेलो तो भाचीच्या मुलाच्या प्रवेशासाठी. रविवार होता, सुट्टी होती, म्हणून घरचे नऊ जण एका मॅजिकमध्ये बसून निघालो. डबे सोबत घेतलेले, शाळाही पाहू आणि झाडाखाली जेवूही असा विचार. फाटक उघडं होतं, म्हणून सरळ आत शिरलो. पोरं फुलांच्या वाफ्यांतून धावली, कोणीतरी मोबाइलवर गाणं लावलं. तेवढ्यात एक वयस्कर ब्रदर आले. त्यांनी हात जोडले आणि हळू आवाजात सांगितलं, आत आठ दिवसांची मौनसाधना चालू आहे. ते रागावले नाहीत. पण त्या दिवशी मी फार खजील झालो. कोणाच्या तरी आठ दिवसांच्या मेहनतीवर आम्ही पाय दिला होता आणि आम्हाला त्याची कल्पनाही नव्हती.

त्यानंतर चार वेळा गेलो. दोनदा मुक्काम केला. ज्या गोष्टी मला कोणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं, त्या इथे क्रमाने लिहितो.

१. आधी ठरवा, कोणत्या दाराने जायचं

मठ आणि शाळा एका आवारात असल्या तरी दोघांचं घड्याळ वेगळं, माणसं वेगळी, परवानगीही वेगळी. नव्या माणसाचे बहुतेक घोळ इथेच होतात. प्रवेशासाठी आलेला माणूस मठाच्या ओसरीवर ताटकळतो, आणि शांततेसाठी आलेला मधल्या सुट्टीच्या गलक्यात शाळेच्या कचेरीत बसून राहतो. घरून निघण्याआधीच मनाशी पक्कं करा : मुक्काम आणि प्रार्थना हवी, की शाळा पाहायची आहे? दोन्ही हवं असेल तर दोन फोन करा आणि शक्य असेल तर दोन वेगळे दिवस ठेवा.

शब्दांचाही घोळ आहे. आपल्या विदर्भात गल्लीतल्या केजी वन-केजी टूलाही ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात. त्यामुळे फाट्यावर उतरून ‘कॉन्व्हेंट कुठं आहे?’ असं विचाराल तर पानठेल्यावरचा माणूस तुम्हाला भलत्याच इंग्रजी शाळेकडे पाठवेल. मूळ अर्थाने कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टर लोकांचं निवासस्थान. गावातले लोक ‘मिशन’, ‘फादरची शाळा’, ‘सिस्टरचा दवाखाना’ असं बोलतात, तसंच विचारा. मठ म्हणजे व्रत घेतलेले साधू किंवा साध्वी एकत्र राहून दिवसाच्या ठरलेल्या वेळांना प्रार्थना करतात ती जागा. गावाचं चर्च वेगळं, तिथे सगळे भाविक रविवारी येतात.

संबोधनं सोपी आहेत. ज्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली आहे ते फादर. व्रत घेतलेले पण धर्मगुरू नसलेले ते ब्रदर. स्त्रिया सिस्टर. मठाच्या प्रमुखांना सहसा सुपीरियर म्हणतात. ‘नमस्कार फादर’ एवढं पुरतं. तिथली माणसं एकमेकांना ‘जय येशू’ म्हणतात. तुम्हाला तसं म्हणावंसं वाटलं तर म्हणा, नाही म्हटलं तर कोणी मनावर घेत नाही. पाया पडायला वाकू नका, कित्येकांना त्याचा संकोच होतो.

आणखी एक गोष्ट आधी माहीत असावी. भेटलेल्या फादर-सिस्टरांपैकी बरेच जण केरळचे निघतील. त्यामागे इतिहास आहे. नागपूरचा धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा प्रदेश, १८८७ चा, अमरावतीचा १९५५ चा, आणि दोन्ही लॅटिन परंपरेचे, म्हणजे रोमच्या उपासनापद्धतीने चालणारे. पण १९६२ साली चांद्याकडचा (म्हणजे आताच्या चंद्रपूरकडचा) भाग केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे, म्हणजे कॅथलिकांमधल्याच पण वेगळ्या उपासनापद्धतीच्या शाखेकडे, सोपवला गेला, आणि १९७७ मध्ये तिथे रीतसर धर्मप्रांत झाला. त्याचं केंद्र बल्लारपूर. चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा हे जिल्हे त्यात येतात. केरळची माणसं साठ वर्षांपासून इथे येऊन मराठी शिकत आहेत. त्यांच्या ‘ळ’ला आणि ‘ण’ला आपल्यापेक्षा जास्त जोर असतो. मराठीतच बोला, सावकाश बोला. त्यांना ते मनापासून आवडतं.

२. फोन करा, मग चिठ्ठी पाठवा

न कळवता जाऊ नका. पाहुण्यांच्या खोल्या थोड्या असतात. मी जातो तिथे पाचच आहेत. शेगावच्या भक्तनिवासासारखी हजारोंची सोय इथे नसते आणि अपेक्षितही नसते. किमान पंधरा दिवस आधी कळवा.

फोन सकाळी दहा ते साडेअकरा किंवा दुपारी चार ते पाच या वेळात करा. पहाटे, जेवणाच्या वेळी आणि संध्याकाळी सहानंतर केलात तर घंटी वाजत राहील, कारण सगळे प्रार्थनेत असतात. उचलला नाही म्हणून दहा वेळा लावू नका.

फोनवर बोलणं झाल्यावर चार ओळी लिहून पाठवा. मी पाठवली होती ती अशी :

‘नमस्कार फादर. मी अमुक गावचा निवृत्त शिक्षक. मी ख्रिस्ती नाही. अमुक तारखेपासून दोन रात्री शांतपणे राहण्याची इच्छा आहे. प्रार्थनेच्या वेळी मागे बसण्याची परवानगी असावी. मी शाकाहारी आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्या तारखा सोयीच्या नसतील तर आपण सांगाल तेव्हा येईन.’

तुम्ही कॅथलिक असाल तर आपल्या चर्चच्या फादरांकडून ओळखीची चिठ्ठी मागून घ्या, काम लवकर होतं. नसाल तर ओळखीच्या कोणा माणसाचं नाव सांगा, किंवा सांगायला कोणी नाही हेही सरळ सांगा. धर्माबद्दल आडवळणाने बोलण्याची गरज नाही. मला त्यांनी एकदाही ‘तुम्ही का येता?’ असं संशयाने विचारलं नाही. खर्चाचं मात्र फोनवरच विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी ठरलेला दर नसतो, ‘जमेल तेवढं द्या’ म्हणतात. निघताना फादरांसमोर उभं राहून ‘किती झाले?’ विचारणं दोघांनाही अवघड जातं.

३. तारीख निवडताना

ऋतूच्या दृष्टीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे टाळा. चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि मठाच्या खोलीत फक्त पंखा असतो. पावसाळ्यात आवार हिरवंगार आणि फार सुंदर दिसतं, पण काळ्या मातीच्या रस्त्यावर दुचाकी नेऊ नका. मडगार्डमध्ये माती भरून चाक जाम होतं. माझी गाडी मी जुलैमध्ये एक किलोमीटर ढकलत नेली आहे.

आता त्यांचं पंचांग. नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला, पण ईस्टर दरवर्षी सरकतो. साधारण हिशेब असा : २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्याआधीचा उपवासकाळ चाळीस दिवसांचा. लॅटिन परंपरेत तो राखेच्या बुधवारी सुरू होतो, सिरो-मलबार परंपरेत त्याच आठवड्याच्या सोमवारी. उपवासकाळात जायला हरकत नाही, उलट मठ तेव्हा सर्वांत शांत असतो. पण ईस्टरआधीचा शेवटचा आठवडा त्यांच्यासाठी वर्षातला सर्वांत मोठा. तेव्हा पाहुणा म्हणून पहिल्यांदा जाऊ नका. त्या आठवड्यातल्या शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे त्यांची रोजची मुख्य उपासना, तीही होत नाही. वेगळी, लांब आणि गंभीर उपासना होते. नवख्या माणसाला त्यातलं काहीच कळत नाही.

शाळेसाठी आणखी दोन गोष्टी. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात. प्रवेशाची चौकशी त्याच्या कितीतरी आधी, जानेवारी-फेब्रुवारीतच करा. परीक्षांच्या आणि स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात शाळा दाखवायला कोणाला सवड नसते.

४. रस्ता

नागपूर-बल्लारशाह लोहमार्गावर हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर ही उतरायची सोयीची स्टेशनं. पुढे एसटी, आणि फाट्यापासून काळीपिवळी किंवा आटो. फाट्यापासून मठापर्यंतचं अंतर फोनवर विचारून ठेवा. ‘जवळच आहे’ म्हणजे चार किलोमीटरही असू शकतं. अंधार पडण्याआधी पोहोचा. फाट्यावर रात्री वाहन मिळत नाही आणि फाटक ठरलेल्या वेळी बंद होतं.

इथे एक सापळा आहे. फाट्यावर किंवा गावात एखादा माणूस भेटतो आणि म्हणतो, ‘फादर आपल्या ओळखीचे आहेत, प्रवेशाचं करून देतो.’ त्याला एक रुपयाही देऊ नका. प्रवेशासाठी देणगी उकळणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंद आहे. जे द्यायचं ते शाळेच्या कचेरीत, पावती घेऊन.

५. सोबत काय न्यायचं

मुक्कामासाठी :
- आधार कार्ड, मूळ आणि एक झेरॉक्स. पाहुण्यांच्या नोंदवहीला लागतं
- टॉर्च. रात्री आवारातले दिवे कमी असतात, आणि पावसाळ्यात पायाखाली पाहून चालावं लागतं
- पातळ चादर, टॉवेल, साबण, पाण्याची बाटली, उन्हासाठी दुपट्टा
- नेहमीची औषधं पुरेशी. जवळचं मेडिकल दहा-बारा किलोमीटरवर असू शकतं
- साधे, अंगभर कपडे. हाफपँट आणि बिनबाह्यांचे नकोत
- वही-पेन
- सुटे पैसे आणि एक कोरं पाकीट

प्रवेशासाठी :
- जन्म दाखला
- आधीच्या शाळेचा टीसी आणि गुणपत्रक
- मुलाचं आणि पालकांचं आधार
- यू-डायसवरचा, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतला, मुलाचा पेन क्रमांक (कायमचा विद्यार्थी क्रमांक). आधीच्या शाळेतून लिहून आणा, टीसीवर चुकीचा असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या
- जातीचा दाखला, असल्यास
- पासपोर्ट मापाचे सहा फोटो
- वसतिगृहासाठी लसीकरणाची नोंद, रक्तगट, आणि मुलाला न्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांची नावं आणि फोटो

न्यायचं नाही ते : खर्रा, तंबाखू, सिगारेट, दारू. खर्ऱ्याबद्दल वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे तो खिशात असतोच आणि माणसाला आठवतही नाही. ज्या आवारात चारशे मुलं राहतात तिथे तो नेऊ नका, भिंतीशी थुंकणं तर दूरच. नारळ, हार, उदबत्ती, पेढेही नकोत. द्यायचंच असेल तर आपल्या वावरातलं न्या. मी एकदा पाच किलो तूरडाळ नेली होती. स्वयंपाकघरातल्या सिस्टरांना किती आनंद झाला म्हणून सांगू!

६. फाटकावरचा पहिला तास

फाटक उघडं असलं तरी बाहेर थांबा, आवाज द्या. आत एक छोटी खोली असते, तिथे एखादे ब्रदर किंवा चौकीदार बसलेले असतात. नाव, गाव, वेळ लिहा. ही पद्धत फार जुनी आहे. संत बेनेडिक्ट सहाव्या शतकात इटलीत होऊन गेले. त्यांनी मठांसाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली, आणि आजही जगभरचे कित्येक मठ तिच्यावर किंवा तिच्या वळणावर चालतात. फाटकावर समजूतदार वयस्कर माणूस बसवावा, निरोप घेणं आणि उत्तर देणं ज्याला नीट जमतं असा, हे त्यात लिहिलेलं आहे. आमच्या मॅजिकला सामोरे आले होते ते ब्रदर अगदी असेच.

पाहुण्याला ख्रिस्त समजून सामोरं जावं, असं ती नियमावली सांगते. आपल्या अतिथीधर्माचीच गोष्ट. पण त्याच प्रकरणात पुढे असंही आहे की ज्या साधूकडे पाहुण्यांचं काम सोपवलेलं नाही त्याने त्यांच्याशी गप्पा करू नयेत, नम्रपणे अभिवादन करून पुढे जावं. हे कळल्यावर माझ्या मनातली एक अढी गेली. पहिल्या मुक्कामात दोन ब्रदर माझ्याजवळून मान लववून निघून गेले, एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं होतं, आपलं येणं यांना आवडलेलं नाही. तसं काही नव्हतं. पाहुण्यांसाठी एक ठरलेले फादर असतात, काय विचारायचं ते त्यांना विचारा. बाकीच्यांना त्यांच्या कामात राहू द्या.

आवारात सगळीकडे फिरता येत नाही. साधूंच्या राहण्याचा भाग बंद असतो. तिथे पाटी असते, कधी नुसतीच साखळी. दार ढकलून पाहू नका.

७. प्रार्थनाघरात

दिवस कसा जातो ते आधी सांगतो. मी मुक्कामाला जातो तिथे पहाटे पाचला घंटा होते. साडेपाचला प्रभातप्रार्थना, मग अर्धा तास ध्यान, साडेसहाला मिस्सा. दुपारी बाराला छोटी प्रार्थना. संध्याकाळी साडेसहाला सायंप्रार्थना, जेवणानंतर रात्रीची प्रार्थना, आणि मग सकाळपर्यंत पूर्ण मौन. काकडा, मध्यान्हीची आरती, धूपारती, शेजारती अशा दिवसात वाढलेल्या माणसाला ही रचना परकी वाटत नाही. मुख्य पाठ स्तोत्रांचा. बायबलमध्ये १५० स्तोत्रं आहेत. बेनेडिक्टच्या नियमात ती सगळी एका आठवड्यात म्हणून व्हावीत अशी वाटणी केलेली आहे. साधू दोन रांगांत समोरासमोर उभे राहतात. एक रांग एक चरण म्हणते, दुसरी पुढचा. घाई अजिबात नाही. दोन चरणांच्या मधे श्वासभर थांबतात. पहिल्या सकाळी मला त्या थांबण्याचा त्रास झाला, पुढचं म्हणत का नाहीत असं वाटायचं. तिसऱ्या सकाळी मी त्या थांबण्याचीच वाट पाहत होतो.

तुम्ही मागच्या रांगेत बसा. सगळे उभे राहिले की उभे राहा, बसले की बसा. गुडघे टेकण्याची सक्ती नाही, शांत बसून राहिलं तरी चालतं. पुस्तक दिलं तर पान शोधण्याच्या नादात खडखड करू नका, नुसतं ऐका. चपलांचं दारात पाहून ठरवा. खेड्यातल्या बऱ्याच चॅपेलमध्ये, म्हणजे लहान प्रार्थनाघरांत, सतरंजीवर बसतात आणि चपला बाहेर काढतात, बाकं असतील तिथे तसं नसतं. बाकाला खाली जोडलेली फळी गुडघ्यांसाठी असते, तिच्यावर पाय ठेवू नका.

आता आपल्या सवयींमुळे होणाऱ्या चुका. यांत वाईट हेतू कोणाचाच नसतो, उलट श्रद्धेपोटीच त्या होतात, म्हणून नीट सांगतो.

घंटा. देवळात शिरताना आपला हात आपोआप घंटेकडे जातो. इथे घंटेचा दोर ओढला की सगळ्या आवाराला ‘प्रार्थनेची वेळ झाली’ असा निरोप जातो. हात लावू नका.

प्रदक्षिणा. वेदीच्या मागून फेरी मारण्याची पद्धत नाही. वेदीच्या पायऱ्या चढू नका. जवळ एक लहान पेटी आणि तिच्यापाशी अखंड तेवणारा दिवा दिसेल. त्या पेटीत मिस्साच्या वेळचा परमप्रसाद ठेवलेला असतो. तिथून जाताना ते लोक एक गुडघा टेकतात. आपण थांबून हात जोडले तरी पुरे.

आणि परमप्रसाद. सर्वांत जपायची गोष्ट ही. मिस्साच्या शेवटाकडे लोक रांगेने पुढे जातात, फादर प्रत्येकाला पातळ, पांढरी, गोल चकती देतात. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की प्रसाद नाकारू नये. त्यामुळे आपण सरळ रांगेत उभे राहतो. इथे उलटं आहे. ती चकती म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर अशी त्यांची श्रद्धा आहे. बाप्तिस्मा झालेल्या, तयारी केलेल्या कॅथलिकांनीच ती घ्यायची असते. त्यांनाही आधी तासभर काही खायचं नसतं. तुम्ही जागेवर बसून राहिलात तर त्यात कोणताही अनादर नाही, तोच आदर. चुकून रांगेत पोहोचलात तर दोन्ही हात छातीवर आडवे धरा, बहुतेक फादर समजतात आणि आशीर्वाद देतात. हातात आलीच तर तिथल्या तिथे परत द्या. रुमालात बांधून घरी आजारी आईसाठी नेणं, हे तर कधीच करू नका. माझ्यासमोर एका बाईंनी तसं केलं होतं, फार मायेने. एक सिस्टर चर्चच्या दारापर्यंत त्यांच्या मागे गेल्या, हात धरून समजावलं आणि नंतर त्यांच्या आईसाठी वेगळी प्रार्थना केली.

प्रार्थनेची भाषा इथे मराठी किंवा हिंदी असते. पूर्वी लॅटिन परंपरेत जगभर लॅटिनच चालायची. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर स्थानिक भाषा आल्या. म्हणून आज खेड्यातल्या चॅपेलमध्ये पेटी-तबल्यावर भजनाच्या चालीतली गीतं ऐकू येतात.

८. मौन, जेवण, काम

मौन म्हणजे शिक्षा नाही, आणि तोंड बंद ठेवण्याची स्पर्धाही नाही. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीत एवढा मोठा जनसमुदाय एकदम स्तब्ध होतो, ते ज्यांनी अनुभवलं असेल त्यांना हे सांगावं लागणार नाही. रात्रीच्या प्रार्थनेपासून सकाळच्या मिस्सापर्यंत बोलायचं नाही. दिवसा गरजेपुरतं, हळू. मोबाइल बंद करून पिशवीत ठेवा. घरच्यांना आधीच सांगा की रोज दुपारी एकदाच बोलणं होईल, नाहीतर ते काळजीने मठाचा फोन वाजवत राहतात.

जेवणाच्या वेळी पुष्कळदा एक जण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे गप्प जेवतात. हवं ते खुणेने मागा. जेवण साधं : वरण, भात, पोळी, एक भाजी, कधी नारळ घातलेली केरळी आमटी. वेगळा पंगतीचा थाट नाही. ताट स्वतः घासून ठेवायचं. माळकऱ्यांनी आणि जैनांनी कांदा-लसणासह सगळं आधी कळवावं. माझ्यासाठी त्यांनी कधी कुरकुर न करता वेगळं काढून ठेवलं आहे. मांसाहार त्यांच्याकडे असतो, पण शुक्रवारी सहसा नसतो.

काम मागा. रिकामं बसायला गेलात तर दुसऱ्या दिवशी दुपारी जीव घाबरा होतो. मला तसं झालं, अगदी परत निघावंसं वाटलं. पाहुण्यांच्या फादरांनी माझ्या हातात विळा दिला आणि भाजीच्या वाफ्याकडे पाठवलं. पवनारचं ब्रह्मविद्या मंदिर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे चटकन समजेल. तिथेही प्रार्थना आणि अंगमेहनत एकमेकींत मिसळलेल्या आहेत. दोन तास निंदण केलं, घाम गाळला, आणि संध्याकाळी स्तोत्रं कानांत उतरली.

९. शाळा पाहायची असेल तर

हा माझ्या जिव्हाळ्याचा भाग, तीस वर्षं वर्गात काढल्यामुळे.

पहिलं, मुलांचे फोटो काढू नका. कितीही गोड दिसली तरी नाही. वसतिगृहात परवानगीशिवाय पाऊल टाकू नका, मुलांना खाऊ वाटू नका, एकट्या मुलाला बाजूला घेऊन प्रश्न विचारू नका. तुमच्यासोबत कोणीतरी कर्मचारी सतत राहील. त्याचा राग मानू नका. ज्या शाळेत अनोळखी माणसाला मोकळं फिरू देतात, त्या शाळेत मी माझं मूल ठेवणार नाही.

दुसरं, धर्माचा प्रश्न. पालकांच्या मनात तो असतोच, आणि बाहेर कुजबुजण्यापेक्षा मुख्याध्यापकांना तोंडावर विचारलेला बरा. राज्यघटनेच्या कलम २८ मध्ये स्पष्ट आहे : सरकारमान्य शाळेत कोणत्याही विद्यार्थ्याला संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर ती संमती पालकांची. मी पाहिलेल्या शाळेत कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास असतो त्या वेळी इतरांना मूल्यशिक्षण असतं. सकाळची प्रार्थना सगळ्यांची. तुम्हाला काय चालेल, काय नाही, ते प्रवेशाच्या वेळीच लेखी द्या. शाळेलाही ते सोयीचं जातं.

तिसरं, आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा. बरेच पालक त्यातल्या मोफत २५ टक्के जागांची आशा धरून येतात. घटनेच्या कलम ३० प्रमाणे या अल्पसंख्याक संस्था आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळा, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, आरटीई कायद्याच्या बाहेर राहिल्या. तो निकाल पुन्हा तपासावा का, हा प्रश्न २०२५ मध्ये न्यायालयापुढे आला आहे. म्हणून त्या त्या वर्षी शाळेतच विचारा. फी भरणं जमत नसेल तर आरटीईचा अर्ज करून बसण्यापेक्षा मुख्याध्यापकांना परिस्थिती सांगा. कापसाचे पैसे हाती आल्यावर हप्त्याने फी भरण्याची सवलत मी स्वतः भाचीला मिळवून दिली आहे.

पाहायचं काय? इमारत नंतर पाहा. संडास-बाथरूम आधी पाहा, पाण्याची टाकी पाहा, स्वयंपाकघराच्या मागची बाजू पाहा. रात्री मुलाला ताप आला तर कोण उठतं आणि गाडी कुठली, ते विचारा. घरी फोन करायचा दिवस कोणता, ते विचारा. शिक्षक किती वर्षांपासून टिकून आहेत, ते विचारा. आणि मधल्या सुट्टीत पाच मिनिटं उभे राहा. सिस्टर समोरून आल्या की मुलं गप्प होऊन बाजूला सरतात, की काहीतरी सांगायला त्यांच्याकडे पळत जातात, ते बघा. मला तेवढ्यावरून शाळा कळते.

मुलालाही सोबत न्या. आमच्या भाचीच्या पोराला आधी नेलं नव्हतं. सगळं ठरल्यावर एकदम ट्रंक घेऊन सोडलं, आणि तो पोळ्याला घरी आला तो परत जायलाच तयार होईना. पुढच्या खेपेला फादरांनी त्याला एक पूर्ण दिवस माझ्यासोबत मठाच्या बाजूला राहू दिलं. गायींना चारा टाकला, विहिरीवरची मोटर चालू केली. दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन वर्गात गेला. आता आठवीत आहे.

१०. निघताना

खोली झाडा. चादर-उशीची खोळ काढून घडी करून ठेवा. किल्ली हातात द्या, दारात टांगून जाऊ नका. पैशाचं पाकीट पाहुण्यांच्या फादरांकडे द्या किंवा दानपेटीत टाका. देणगी म्हणून मोठी रक्कम देत असाल तर पावती मागा, त्यात संकोचण्यासारखं काही नाही. कोणासाठी प्रार्थना हवी असेल तर चिठ्ठीवर नाव लिहून द्या, नुसतं नाव पुरतं. तिथली छायाचित्रं किंवा ठिकाणाचा नकाशा गावच्या ग्रुपवर टाकण्याआधी विचारा.

शेवटच्या गाडीची वेळ आदल्या दिवशीच चौकीदाराला विचारून ठेवा. आमच्या फाट्यावर पाचनंतर एसटी नाही, आणि चारला शाळा सुटते. मठातून साडेतीनलाच निघालात तर रस्त्यावर मुलांची गर्दी लागत नाही, आणि फाट्याच्या हॉटेलात चहा घेऊन गाडीत बसायला जागाही मिळते.